वाळवंटातील सूर्ययंत्रांची कहाणी



सूर्यापासून वीज मिळते, हे आता प्राथमिक शाळेतील मुलालाही माहीत आहे. घरांच्या गच्चीवर आणि शेतातील पंपाशेजारी सौर पॅनेल आपण रोज पाहतो. प्रस्तुत लेख मात्र त्या पॅनेलविषयी नाही. सूर्याकडून वीज घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. तो पॅनेलपेक्षा जुना आहे आणि त्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. त्या मार्गाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

पॅनेलवर ऊन पडले की त्यातून थेट वीज निघते. दुसऱ्या मार्गात आधी उष्णता मिळवायची असते. पुष्कळ आरसे मांडून ऊन एका जागी गोळा करायचे, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवून वीज निर्माण करायची. कोराडी किंवा परळी येथील वीजकेंद्रांत कोळसा जे काम करतो, तेच काम येथे ऊन करते. याला सौर औष्णिक वीज म्हणतात.

अशी केंद्रे वाळवंटातच का उभारली जातात, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ ज्याने केला आहे, त्याला याचे उत्तर स्वतःच देता येईल. आभाळ स्वच्छ असेल तर कागद लगेच धूर सोडतो. पातळ ढग आले की उजेड भरपूर असूनही कागद जळत नाही. ढग आणि धूळ यांच्यामुळे किरण चोहीकडे विखुरतात आणि विखुरलेले किरण भिंगाला किंवा आरशाला एका बिंदूवर आणता येत नाहीत. पॅनेलचे काम विखुरलेल्या उजेडावरही थोडेफार चालते. आरशाला मात्र सरळ येणारे ऊनच लागते. असे ऊन वर्षातील बहुतेक दिवस जेथे मिळते, ती जागा म्हणजे वाळवंट होय.

आरशाचे गणित

आरसा कोणत्या आकाराचा असावा, हा प्रश्न फार जुना आहे. समांतर येणारे किरण एकाच बिंदूवर आणणारा आकार अन्वस्ताचा असतो, हे ग्रीक गणिती डायोक्लीस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सिद्ध केले. त्याचा दाहक आरशांवरील मूळ ग्रीक ग्रंथ पूर्ण स्वरूपात उरला नाही. उरले ते त्याचे अरबी भाषांतर, आणि त्यावरूनच तो ग्रंथ १९७६ साली पुन्हा जगापुढे आला. बसरा येथे जन्मलेला आणि कैरो येथे १०४० च्या सुमारास वारलेला इब्न अल-हैसम यानेही अन्वस्ताकार दाहक आरशांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले व युरोपातील अभ्यासकांनी ते वाचले.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या विद्वानांनी वीज निर्माण केली नाही, वाफेचे यंत्रही केले नाही. त्यांनी एक प्रमेय नीट सिद्ध केले आणि ते लिहून ठेवले. पुढील सर्व हकीकतीत हा लिहून ठेवण्याचा धागा आपल्याला वारंवार दिसेल.

फ्रान्समधील एक गणितशिक्षक

सूर्यावर चालणारे वाफेचे यंत्र तयार करणारा पहिला महत्त्वाचा माणूस शाळामास्तर होता, हे सांगताना आम्हां शिक्षकांना थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. ऑगस्टिन मूशो (१८२५-१९१२) हा फ्रान्समध्ये गणित शिकवीत असे. फ्रान्सचा कोळसा एके दिवशी संपेल, मग कारखान्यांनी काय करावे, या प्रश्नाने त्याला घेरले होते. १८६० नंतर त्याने शंकूच्या आकाराचे आरसे आणि त्यांच्या मध्यभागी बॉयलर अशी यंत्रे बनविण्यास सुरुवात केली. १८६९ साली त्याने सौर उष्णतेवर पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारच्या साहाय्याने त्याने अल्जीरियात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या उंबरठ्यावर, प्रयोग केले. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याने उन्हाच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखविला आणि सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतर काय झाले? यंत्र मोडले नाही की त्याचे तत्त्व चुकीचे ठरले नाही. इंग्लंडहून येणारा कोळसा स्वस्त झाला होता, रेल्वेमुळे तो कोठेही पोहोचू लागला होता. सरकारने तपासणी करविली आणि निष्कर्ष निघाला की, हे यंत्र चालते, परंतु परवडत नाही. मूशोला मिळणारे साहाय्य थांबले. १९१२ साली पॅरिस येथे तो हलाखीत वारला.

कुलाब्यातील आरसे

या इतिहासातील पुढचे पान आपल्या मुंबईचे आहे. मूशो पॅरिसमध्ये पदक घेत होता त्याच १८७८ साली विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने मिडल कुलाबा येथील आपल्या बंगल्याच्या आवारात एक प्रयोग केला. तो व्यवसायाने इंजिनिअर नव्हता. मुंबईत सरकारी नोकरीत डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर तो होता. मूशोचे प्रयोग त्याने वाचले होते आणि त्यातील उणीवही त्याने हेरली होती. चांदीचा मुलामा दिलेला मोठा वक्र आरसा महाग पडतो, लवकर काळवंडतो आणि एका मर्यादेपलीकडे मोठा करता येत नाही.

अ‍ॅडम्सने वक्र आरशाचा नाद सोडला. साधे सपाट काचेचे छोटे आरसे त्याने अर्धवर्तुळाकार चौकटीत बसविले आणि सर्वांचा झोत मध्यभागी उभ्या केलेल्या बॉयलरवर पाडला. सूर्य सरकला की एक माणूस चौकट सरकवीत असे. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला. हा पंप त्याने सुमारे पंधरवडाभर चालवून लोकांना दाखविला. इंग्लंडहून गलबतातून येणारा कोळसा हिंदुस्थानात महाग पडतो, तेव्हा उष्ण प्रदेशात इंधन म्हणून ऊन वापरावे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावर त्याने पुस्तक लिहिले. ते भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात त्याच वर्षी छापले गेले.

अ‍ॅडम्सचे यंत्र पुढे चालले नाही. त्यावर कारखाना उभा राहिला नाही. परंतु पुष्कळ सपाट आरसे, मध्ये एक बॉयलर आणि सूर्याबरोबर फिरणारी मांडणी ही त्याची कल्पना आपण ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांनी ती अमेरिकेच्या वाळवंटात अवाढव्य रूपात आपल्याला भेटणार आहे.

नाईलकाठी मादी

वाळवंटी प्रदेशातील पहिले खरेखुरे मोठे सूर्यकेंद्र इजिप्तमध्ये, कैरोजवळील मादी या गावी उभे राहिले. ते उभारणारा फ्रँक शूमन (१८६२-१९१८) हा अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा संशोधक. आत तारेची जाळी घातलेली काच त्याने शोधून काढली होती व त्यातून पैसाही मिळविला होता. १९११ साली त्याने आपल्या गावी सूर्यावरचा पंप चालवून दाखविला. मग प्रश्न आला, की असे यंत्र कोठे परवडेल? ज्या ठिकाणी ऊन भरपूर आणि कोळसा महाग, तेथे. इजिप्तमध्ये कोळसा परदेशातून आणावा लागे.

चार्ल्स व्हर्नन बॉईज या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून आराखड्यात बदल झाला. अन्वस्ताच्या आकाराच्या लांबच लांब पन्हळी आणि प्रत्येकीच्या नाभीवरून जाणारा बॉयलर, असे त्याचे स्वरूप ठरले. सुमारे ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशा पाच पन्हळी बसविल्या. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकेल तशा त्या यंत्राने वळत. १९१२ मध्ये बसविलेले जस्ताचे बॉयलर उष्णतेने मऊ पडले, म्हणून ते काढून बिडाचे बसविले. १९१३ च्या जुलै महिन्यात यंत्र लोकांपुढे चालले. त्याची शक्ती पन्नास ते साठ अश्वशक्तीच्या आसपास होती आणि मिनिटाला सुमारे ६,००० गॅलन पाणी नाईलमधून शेतांकडे जात होते. अन्वस्ताकार आरशांवर प्रबंध लिहिणारा इब्न अल-हैसम ज्या कैरो शहरात वारला, त्याच शहराच्या शेजारी जवळजवळ नऊशे वर्षांनी हे घडले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

पाहणाऱ्यांत इजिप्तमधील ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड किचनेर होते. त्यांनी शूमनला सुदानमधील ३०,००० एकरांचा कापसाचा मळा देऊ केला. जर्मनीनेही आपल्या आफ्रिकेतील वसाहतीसाठी पैसा मंजूर केला. शूमनने हिशेब मांडला की, सहारातील सुमारे वीस हजार चौरस मैलांवर अशी यंत्रे बसविली तर १९०९ साली जगाने खाणींतून काढलेल्या सर्व इंधनाइतकी शक्ती मिळेल.

येथे आपण थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ही शक्ती कोणासाठी? मूशोचे अल्जीरिया फ्रेंचांच्या ताब्यात होते, शूमनचे इजिप्त इंग्रजांच्या. ज्या फेल्लाहीन शेतकऱ्यांच्या शेतात पाणी जात होते, त्यांच्या कापसाचा मोठा लाभ परदेशी गिरण्यांना होता. यंत्र सूर्याचे असले तरी मालकी माणसांची असते, हे इतिहास वाचताना विसरून चालत नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. मादी येथे काम करणारे इंजिनिअर मायदेशी परतले आणि यंत्र बंद पडले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग खरेदी केले. १९१८ साली, युद्ध संपण्यापूर्वीच, शूमन वारला. मूशोचा पराभव कोळशाने केला होता, शूमनच्या यंत्राची जागा खनिज तेलाने घेतली. तेल स्वस्त होते, ते पिंपात भरता येत होते आणि रात्रीही जळत होते. त्यानंतर सुमारे साठ वर्षे सूर्ययंत्र मुख्यतः प्रयोगशाळांपुरतेच उरले.

तेलाचा भाव आणि मोहावेचे वाळवंट

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि भाव एकदम कित्येक पट झाले. जुन्या कल्पनांवरची धूळ झटकली गेली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मोहावे वाळवंटात १९८२ साली 'सोलर वन' हे १० मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. एक उंच मनोरा, त्याच्या माथ्यावर बॉयलर आणि भोवती सूर्याबरोबर वळणारे १,८१८ आरसे. कुलाब्याच्या अंगणातील तीच कल्पना! फरक एवढाच की, चौकट सरकविणाऱ्या माणसाच्या जागी आता संगणक होता.

त्याच वाळवंटात लूझ नावाच्या कंपनीने दुसरा मार्ग धरला. तो मादीच्या पन्हळींचा होता. १९८४ ते १९९० या काळात तिने नऊ केंद्रे उभारली व त्यांची एकूण क्षमता ३५४ मेगावॉट झाली. पन्हळीच्या नाभीवरील नळीतून खास तेल फिरे, ते चारशे अंश सेल्सिअसच्या जवळपास तापे आणि त्या उष्णतेवर वाफ होई. ऊन कमी पडे तेव्हा थोडा नैसर्गिक वायू जाळण्याची सोय होती. प्रत्येक नव्या केंद्रागणिक वीज स्वस्त होत गेली.

परंतु १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. सरकारी करसवलती दरवर्षी थोड्याथोड्या मुदतीने वाढविल्या जात आणि कंपनीला घाईघाईने बांधकामे पुरी करावी लागत. १९९१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. विशेष म्हणजे केंद्रे बंद पडली नाहीत. नव्या मालकांच्या हाती त्यांतील बहुतेक तीस वर्षांच्या आसपास चालली. दिवाळे निघाले ते हिशेबाच्या वहीत, आरशांत नव्हे.

रात्रीचा प्रश्न

कोळशाच्या आणि तेलाच्या तुलनेत उन्हाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ते संध्याकाळी जाते. घरात दिवे लागतात नेमके त्याच वेळी. वीज साठविणे अवघड, पण उष्णता साठविणे त्या मानाने सोपे, हे आपल्या घरातील थर्मासही सांगतो. म्हणून सौर औष्णिक केंद्रांना थर्मास जोडण्याचा विचार पुढे आला.

यासाठी जे द्रव्य निवडले गेले, ते आपल्या परिचयाचे आहे. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा. फटाक्यांच्या दारूत आणि खतांत वापरले जाणारे हे क्षार वितळवून द्रव केले की त्यांत पुष्कळ उष्णता राहते. एका टाकीत सुमारे २९० अंशांचा 'थंड' क्षार, दुसऱ्या टाकीत सुमारे ५६५ अंशांचा गरम क्षार. दिवसा पहिल्या टाकीतील क्षार मनोऱ्यावर चढवून तापवायचा आणि दुसऱ्या टाकीत भरायचा. रात्री त्याच गरम क्षारावर वाफ करायची. 'सोलर वन'चे रूपांतर करून 'सोलर टू' या नावाने १९९६ ते १९९९ या काळात हा प्रयोग झाला. एका खेपेस या केंद्राने सलग १५३ तास वीज दिली. नंतर ते बंद झाले, पण त्याची मोजमापे उपलब्ध राहिली.

ती मोजमापे वाया गेली नाहीत. स्पेनमध्ये २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या आंदासोल या पन्हळीच्या केंद्रात २८,५०० टन क्षाराच्या टाक्या होत्या. सूर्यास्तानंतर साडेसात तास पुरेल एवढी उष्णता त्यांत राहते. २०११ साली सेव्हिल शहराजवळील हेमासोलार हे मनोऱ्याचे केंद्र पंधरा तासांच्या साठ्यासह सुरू झाले आणि उन्हाळ्यात त्याने चोवीस तास अखंड वीज देऊन दाखविली. त्याच २०११ साली इजिप्तमध्ये, कैरोच्या दक्षिणेस कुरैमात येथे, २० मेगावॉटच्या सौर पन्हळी एका वायूवरील वीजकेंद्राला जोडल्या गेल्या. मादीची पन्हळ अठ्ठ्याण्णव वर्षांनी इजिप्तला परत आली आणि या वेळी तिची वीज स्वतंत्र इजिप्तच्या तारांतून गेली.

वर्झाझातचा नूर

मोरोक्को या देशाजवळ तेल जवळजवळ नाही. आपल्या गरजेच्या इंधनापैकी फार मोठा भाग तो बाहेरून विकत घेत असे. म्हणून २००९ साली त्याने मोठी सौर योजना जाहीर केली. ॲटलस पर्वताच्या दक्षिणेस, सहाराच्या कडेला, वर्झाझात शहराजवळ 'नूर' केंद्र उभे राहिले. पहिला १६० मेगावॉटचा टप्पा फेब्रुवारी २०१६ मध्ये राजे मोहम्मद सहावे यांच्या हस्ते सुरू झाला. २०० मेगावॉटचा दुसरा आणि १५० मेगावॉटचा मनोऱ्याचा तिसरा टप्पा २०१८ मध्ये पुरा झाला. चौथा टप्पा पॅनेलचा आहे. पहिल्या टप्प्यात तीन तासांचा उष्णतासाठा होता, पुढच्या दोन टप्प्यांत सात तासांचा.

या कामाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. वाळवंटात ऊन असते, पण पाणी नसते. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करण्यास पाणी हवे आणि आरसे धुळीने माखतात, ते धुण्यासही पाणी हवे. पहिल्या टप्प्याला मन्सूर एद्दाहबी धरणाचे पाणी लागले, आणि दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पुढील दोन टप्प्यांत हवेने थंड करण्याची योजना केली, त्यामुळे पाणी पुष्कळ वाचले. तिसऱ्या टप्प्यातील गरम क्षाराची टाकी २०२४ च्या सुरुवातीस गळू लागली आणि ते केंद्र दीर्घकाळ बंद ठेवावे लागले. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील क्रेसेंट ड्यून्स या केंद्रालाही टाकीच्या गळतीनेच बेजार केले होते. त्याच्या चालक कंपनीने २०२० साली दिवाळखोरी जाहीर केली. मोहावेतील इव्हानपा हे ३९२ मेगावॉटचे अवाढव्य केंद्र २०१४ साली सुरू झाले, पण त्यात उष्णतेचा साठाच नव्हता. झोतात सापडून पक्षी मरू लागले, त्याचीही तक्रार झाली. २०२५ मध्ये त्याची वीज घेणाऱ्या एका कंपनीने करार मुदतीपूर्वीच संपविण्याची इच्छा जाहीर केली.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे दुबईशी नाते आहे. तेथील वाळवंटात डिसेंबर २०२३ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झालेल्या केंद्रात सौर औष्णिक विभाग ७०० मेगावॉटचा आहे. त्यात ६०० मेगावॉट पन्हळींचे आणि १०० मेगावॉट २६० मीटरहून उंच असलेल्या मनोऱ्याचे. साठा पंधरा तासांचा. त्या विजेचा करार युनिटला ७.३ अमेरिकन सेंट या दराने झाला होता. मोरोक्कोच्या पहिल्या टप्प्याचा दर सुमारे १९ सेंट होता, यावरून प्रगती कळते. परंतु त्याच दुबईच्या त्याच सौर उद्यानातील पॅनेलच्या एका टप्प्याचा दर १.६९ सेंट ठरला! दिवसाच्या विजेत आज पॅनेलने आरशाला मागे टाकले आहे, हे मान्यच केले पाहिजे. आरशाचे उरलेले बलस्थान म्हणजे सूर्यास्तानंतरची वीज. तेथेही आता स्वस्त होत चाललेल्या बॅटरीशी त्याला झुंज द्यावी लागते. चीनने मात्र हा मार्ग सोडलेला नाही. गोबी वाळवंटातील दुनहुआंग येथे २०१८ साली १०० मेगावॉटचे साठ्यासह केंद्र सुरू झाले आणि त्यानंतरही तेथे नवी केंद्रे उभी राहत आहेत.

थरचा अनुभव

आपल्या देशाने २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. पहिल्याच फेरीत सौर औष्णिक विजेचे सात प्रकल्प, एकूण ४७० मेगावॉटचे, मंजूर झाले. त्यांतील बहुतेक राजस्थानात होते. त्यांपैकी तीनच पूर्ण झाले. जैसलमेर जिल्ह्यातील नोख येथील ५० मेगावॉटचे केंद्र २०१३ साली, आणि राजस्थानातीलच धुरसर येथील १२५ मेगावॉटचे व आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यातील ५० मेगावॉटचे अशी दोन २०१४ साली सुरू झाली.

बाकीचे का रखडले? नळ्यांतून फिरविण्याचे खास तेल वेळेवर मिळेना, पॅनेल स्वस्त होत गेले, ही कारणे होतीच. पण एक कारण विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. थरच्या वाळवंटात सरळ ऊन नेमके किती पडते, याची जमिनीवर वर्षानुवर्षे केलेली मोजणी हाताशी नव्हती. उपग्रहांच्या चित्रांवरून अंदाज बांधले गेले होते. जमिनीवर उपकरणे लावून पाहिल्यावर हवेतील धुळीमुळे प्रत्यक्ष ऊन अंदाजापेक्षा कमी भरले. कोट्यवधी रुपयांचे आराखडे एका न भरलेल्या तक्त्यामुळे डळमळले.

या इतिहासाचा अर्थ

वाचकहो, या सर्व हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. सूर्ययंत्र चालत नाही म्हणून कधीच सोडून दिले गेले नाही. ते कोळशाच्या भावाने, तेलाच्या भावाने आणि अलीकडे पॅनेलच्या भावाने मागे पडले. ऊन फुकट आहे, पण ते पकडणारा आरसा, साठविणारी टाकी आणि ती राखणारा माणूस फुकट मिळत नाही. ज्याने हा खर्च थोडा कमी केला, त्याने इतिहास एक पाऊल पुढे नेला.

दुसरी गोष्ट अशी की, दोन प्रयत्नांच्या मध्ये कधी शंभर वर्षे गेली, तर कधी नऊशे. या मोठ्या खंडात ज्ञान टिकले ते लिहून ठेवल्यामुळे. ग्रीक ग्रंथ अरबी भाषांतरकाराने जपला. मूशोचे काम वाचून अ‍ॅडम्सने कुलाब्यात सुधारणा केली. अ‍ॅडम्सचे आरसे केव्हाच फुटले असतील, पण भायखळ्यात छापलेल्या पुस्तकामुळे त्यांची रचना आज आपल्याला सांगता येते. 'सोलर टू'च्या मोजमापांचा उपयोग पुढच्यांना झाला. थरमध्ये मोजमापे नव्हती, तेथे प्रकल्प अडकले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, भूमितीच्या पुस्तकातील अन्वस्त केवळ गुणांसाठी पाठ करू नका. त्या रेषेवर कैरोजवळ पंप चालला आहे आणि आज दुबईत दिवे लागत आहेत. पुढे आपणांपैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी आय.टी.आय.मधून वेल्डर होऊन आखातात जाईल. साडेपाचशे अंशांच्या क्षाराची टाकी गळू न देणारा सांधा जोडणे हे आज मोठमोठ्या कंपन्यांना अडलेले काम आहे. ते पदवीधराइतकेच कसबी कारागिराचेही आहे. आणि प्रयोग कोणताही असो, यशस्वी वा फसलेला, तारीख घालून, मोजून, स्वच्छ अक्षरात वहीत लिहा.

पालकांना एवढीच विनंती, की वर्ष संपल्यावर मुलांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. त्यात मुलाने स्वतः मोजलेले काही आढळले, तर तेवढी वही बाजूला काढून ठेवावी.